झाकणाच्या दोन खिट्ट्या

नाही रे, भट्टी बिघडलेली नाहीच मुळी — फोनवर खोटं बोललो मी, बिघडली म्हटल्याशिवाय तुम्ही मिस्त्री लोक येता होय? — ऐक की, कशी मांजरासारखी गुरगुरतेय, घर छान तापवतेय. तू फक्त ते बाजूचे पत्रे काढ आणि गरम हवेच्या नळकांड्यात बॅटरी मार. काय शोधायचं? साप. अरे! थांब, थांब, तळघरातून पळून जिना कुठे चढतोस? विषारी नाही रे बाबा, मक्याचा साप आहे, कॉर्न स्नेक — केशरी अंग, तांबडे ठिपके, करंगळीहून जरासा जाड, हातभर लांब. चावला तरी गुलाबाच्या काट्याने ओरखडल्यासारखं. टेनेसीत जन्मलास ना? मग लाज वाटू दे थोडी. माझ्या बापाच्या मक्याच्या कोठारात असले आठ-दहा फिरायचे, उंदीर खायचे आणि आपल्या वाटेने जायचे. त्यांना कोणी नाव ठेवलं नाही. ह्याला ठेवलंय. पॅनकेक! सापाचं नाव पॅनकेक! — हो, ते डावीकडचे दोन स्क्रू आधी.

अरे, तुला सांगतो, साप घरी आणायला ह्या घरात तीन महिने अभ्यास चालला होता. मी आठवीत शाळा सोडली, पण एवढा अभ्यास सबंध शाळेने मिळून केला नसेल. माझी मुलगी वर्ना, तिचा नवरा कर्ट आणि माझी नात टेसा, नऊ वर्षांची — तिघं जेवणाच्या टेबलावर बसून सापाचे व्हिडिओ बघायची, आणि मी समोर मॅकरोनी खायचो. मग मतदान. तीन विरुद्ध एक. एक कोण ते ओळख! आणि काचेची पेटी ठेवली कुठे? माझ्या मासेमारीच्या खोलीत. तीस वर्षांचे गळ, दोऱ्या, सगळं खोक्यात भरून गॅरेजमध्ये. पेटीत गरम बाजू वेगळी, गार बाजू वेगळी, दोन थर्मामीटर — दोन! माझ्या खोलीत जानेवारीत पाय गोठतात, तिथे एकही नाही. वर्नाला म्हटलं, पोरी, मलाही पेटीत ठेव. ती हसली नाही. ती अलीकडे हसतच नाही.

आणि कर्ट! रोज सकाळी कॉफीचा मग हातात घेऊन पेटीसमोर उभा राहतो आणि आकडे वहीत लिहितो. गरम बाजू अठ्ठ्याऐंशी फॅरनहाइट, गार बाजू शहात्तर. आकडे बघतो हं, साप बघत नाही. साप लाकडाच्या ढोलीत आहे की देशोधडीला लागलाय, पत्ता नाही गड्याला. विमा कंपनीत नोकरी ना त्याची, तिथे असंच चालत असेल.

काही हाललं का तिथे? — फक्त धूळ? बरं, पुढचा पत्रा काढ.

खाणं विचार ना त्याचं. गोठवलेले उंदीर! आइसक्रीमच्या डब्याशेजारी, पुडीत, ओळीने झोपवलेले. दर सोमवारी संध्याकाळी टेसा एक काढते, कोमट पाण्यात बुडवून मऊ करते, चिमट्याने समोर धरते. मी एकदा मदत करायला गेलो — पाणी कशाला, म्हटलं, मायक्रोवेव्ह आहे की. हा हा! तो फुटला ना रे! भिंतीपर्यंत! वर्ना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर फ्रिजवर नियमांचा तक्ता लागला, आणि त्याच्या शेजारी चुंबकाने एक रंगीत पत्रक — म्हाताऱ्यांच्या आश्रमाचं. बागेत खुर्च्या, खुर्च्यांत म्हातारे, सगळ्यांचे दात एकसारखे पांढरे. "बाबा, अजून एक चेष्टा," म्हणाली, "फक्त एक, आणि मी तिथे फोन करते." आता कर्टच्या साहेबाच्या सूपच्या वाटीत मी रबरी कोळी टाकला त्याला वर्ष होऊन गेलं, पण बायका विसरतात होय?

काय? साप सुटला कसा? — सुटतोच तो. सापाला काय, बोटभर फट पुरते. झाकणाला दोन खिट्ट्या असतात, दोन्हीकडून टक्-टक् बसवायच्या, की झालं. कोणीतरी बसवल्या नाहीत. होतं असं. सोमवारी संध्याकाळी टेसाने उंदीर दिला, काल मंगळवारी संध्याकाळी बघते तर पेटी रिकामी. मग हिशेब सरळच आहे ना — शेवटचं झाकण उघडलं कोणी? तिनेच. सगळ्यांना तसंच वाटलं. तिलाही. जेवताना काटा खाली ठेवला, उभी राहिली आणि म्हणाली, "मी विसरले असेन. चूक माझी." नऊ वर्षांची पोर! कोर्टात उभी असल्यासारखी. कर्टने तक्त्यावरचा नियम वाचून दाखवला — जो खिट्टी विसरेल त्याच्यामुळे साप परत जाईल. सापडला तरी शनिवारी परत, ज्याने वाढवला त्या माणसाकडे. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं होतं. नुसती मान हलवली. मॅकरोनीला कोणी हात लावला नाही.

तिने बसवल्या होत्या खिट्ट्या. मला माहीत आहे — म्हणजे, ती विसरणारी पोरच नाही, असं म्हणतो मी. असा काय बघतोस? तू पत्रा काढ तुझा.

बरं बाबा, ऐक. दिवसभर ह्या घरात असतं कोण? मी आणि तो. टीव्हीवर माणसं ओरडतात, ती काही माझ्याशी बोलत नाहीत. मग दुपारी मी झाकण काढतो आणि हात घालतो आत. रोज नाही — बरं, रोज. लोकांना वाटतं साप गार, बुळबुळीत. कसला रे! कोरडा, मऊ, नव्या पाकिटाच्या कातड्यासारखा. मनगटाला वेटोळं घालतो आणि बसतो. ऊब पाहिजे असते त्याला, प्रेमबीम काही नाही, मी काय खुळा आहे? पण तासभर हलत नाही. मी ट्रक चालवायचो तेव्हाच्या जुन्या गोष्टी त्याला सांगतो. तो ऐकतो. तुझ्यासारखा.

तर काल दुपारीही काढला. तक्त्यावर मोठ्या अक्षरात आहे — खाऊ घातल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. मी म्हटलं, सापाला कुठे वाचता येतं! आणि अर्ध्या तासात त्याने सगळा उंदीर ओकून टाकला. माझ्या बाहीवर. तो वास, बाबा रे! मी घाबरलो — त्याला काही झालं की काय म्हणून. त्याला पेटीत ठेवलं, शर्ट धुवायला पळालो, उंदीर कुंपणापलीकडे भिरकावला. झाकण वर टाकलं होतं नुसतं. खिट्ट्या... बसवल्याच नाहीत रे.

आणि रात्री ती पोर उभी राहिली तेव्हा मी मीठ मागितलं. "मीठ दे जरा कर्ट," म्हटलं. एवढंच.

काय? कुठे? पाणी तापवायच्या टाकीवर? त्या जाड वेष्टणाखाली? — हलू नकोस! तुझे ते धसमुसळे हात लावू नकोस त्याला, चिमटा तर मुळीच नको. सरक. सरक म्हणतो ना. ये रे पॅनकेक, ये... बघ, बघ कसा चढतोय मनगटावर. धुळीने माखलाय चोर. अरे जिवंत आहे! काय गरम जागा शोधली हरामखोराने, माझ्यापेक्षा शहाणा!

आता बघ मजा. कर्टच्या बुटात ठेवतो ह्याला. ऑफिसातून येऊन घरातले बूट घालेल ना — असा नाचेल! सगळे हसतील, टेसासुद्धा हसेल, आणि खिट्टीचं कोणाच्या लक्षातही राहणार नाही. म्हणायचं, सापानेच डोक्याने झाकण उचललं. कशी आहे युक्ती? हसला नाहीस? अरे, हा माझा आजवरचा सगळ्यात चांगला विनोद आहे. हसायचं असतं इथे.

असा बघू नकोस माझ्याकडे. तुला पोरं आहेत का? — आहेत. वाटलंच मला.

शाळेची बस आली वाटतं. ब्रेक ऐकलास? तीच. आता ती दार उघडेल, दप्तर टाकेल आणि सरळ त्या रिकाम्या पेटीपुढे जाऊन उभी राहील. काल अर्धा तास तशीच उभी होती.

पत्रे राहू दे तसेच, मी लावीन. हत्यारं उचल तुझी. मागच्या दाराने जा, पुढून नको, तुझी गाडी बघून ती नाही ते विचारत बसेल. जा म्हणतो ना! मला ह्याला घेऊन वर जायचंय आणि त्या पोरीला खिट्ट्यांबद्दल काहीतरी सांगायचंय, आणि ते ऐकायला तिथे परका माणूस नकोय मला.