माजरीचं घर अन् बाईचा आरसा

तुम्ही सारे विचारता ना, माजरीचं ते घर मी काऊन नाई घेतलं? आयका मंग.

दोन खोल्या खाणीतल्या नोकरीवाल्यायले किरायानं द्याच्या अन् त्याच किरायातून बँकेचा हप्ता फेडाचा, असा माहा बेत होता. कर्ज द्याच्या आधी बँकेचा इंजिनियर घराची किंमत ठरवाले आला. घरमालक विठ्ठलभाऊनं आमाले चहा देला अन् भिंतीवर थाप मारून म्हणे, "साहेब, खाणीत ब्लास्टिंग होते, पण इथी पत्ताच नाई लागत. भिंत म्हणजे लोखंड!"

इंजिनियर खूश. कागद काढून लिहालेबी लागला. मी त मनातल्या मनात किरायदार ठेवून टाकला.

तेवढ्यात विठ्ठलभाऊची म्हातारी माय आतून आली. भिंतीवरचा आरसा काढला, पदरात गुंडाळला अन् मांडीवर घेऊन खाली बसली.

इंजिनियरनं विचारलं, "बाई, आरसा काऊन काढला जी?"

"दोन वाजून राह्यले ना बाबू," बाई म्हणे.

अन् धडाम! सारं घर हाललं. छपराची माती माह्या कपात, अन् इंजिनियरचा चहा त्याच्या कागदावर.

विठ्ठलभाऊ जमिनीकडे पाहून राह्यला. बाईनं आरामात उठून आरसा परत खिळ्याले लावला अन् पोरावरच भडकली, "सकायपासून सांगून राह्यली याले, साहेबाले चार वाजता बोलाव म्हणून!"