पुसून लावलेल्या वायरी

सांगू का, भावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. जालन्याहून मंठ्याला आमच्याच मोटारीनं जायचं होतं, आणि ती वाटूरच्या अलीकडे बंद पडली तर? मुहूर्त काही बहिणीसाठी थांबत नाही. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, की प्लगच्या वायरी अधूनमधून काढून पुसाव्यात, कुठं चीर पडली आहे का ते बघावं. मी पडले शिकलेली बाई. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चारही वायरी काढल्या, पुसल्या, निरखून बघितल्या आणि परत लावल्या.

निघताना मोटार दोनदा खोकली, फाटकन एक बार उडवला आणि गप्प झाली. आमचे ड्रायव्हर करीमचाचा बॉनेट उघडून बघतच राहिले.

"बाई, ह्या वायरींना कुणी हात लावल्ता?"

"मी. पण बराबर लावल्यात. एक, दोन, तीन, चार, अगदी ओळीनं."

"ओळीनं पंगत बसती, बाई. ह्या इंजनात ठिणगी एकानंतर तीनला, मंग चारला, अन् दोनला सगळ्यात शेवटी." हसू दाबत त्यांनी वायरी बदलल्या आणि मोटार सुरू झाली. "बसा जल्दी, गाठू मुहूर्त. पुस्तकात हे पान न्हाई का?"

पान होतं. मीच तिथवर वाचलं नव्हतं. ते कबूल करणार, तेवढ्यात माझी चार वर्षांची शकू म्हणाली, "चाचा, काल मी तुमच्यासारखंच एक, तीन, चार, दोन मोजलं, तर आईनं माझा कान पिळला."