लाईट आल्याचं कळायला हवं ना

नाही मिस्त्री, ती फ्यूजच आहे. तार जरा जाड घातलीय, एवढंच — बारीक घातली की सारखी उडते, दर वेळी हातातलं काम टाकून उठायचं कुणी? उडायलाच असते म्हणता? बरं बाबा, बदला. फक्त जाताना समोरच्या ओट्यावर मेव्हणीशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलीय ना, ती माझी बायको, एदुविहेस — तिला सांगा, आता काही धोका नाही म्हणून. तुम्ही सांगितल्याशिवाय ती घरात पाऊल टाकणार नाही. माझ्याशी एवढा संसार केला, आणि विश्वास वायरमनवर.

झालं काय म्हणता? काही नाही झालं. कार्निव्हल तोंडावर आलाय, सैतानाचे कागदी मुखवटे वाळेनात — अख्ख्या ला वेगा गावात विचारा, या फेर्मीनसारखे दात कुणाला जमत नाहीत — म्हणून तिचा केस वाळवायचा ड्रायर त्या खिळ्याला टांगला. तिला विचारून? ती आतल्या खोलीत झोपली होती हो. तेवढ्यात लाईट गेली. लाईट गेली की माणूस काय करतो? कोपऱ्यावर डोमिनो खेळायला जातो. बटण? बटण कोण बंद करतं, मिस्त्री? मग लाईट आली हे कळणार कसं? आली तेव्हा गल्लीभर ओरडा झाला, मी म्हटलं, एवढा डाव संपवून उठतो. डाव लांबला. ड्रायर घसरला आणि एका सैतानाच्या तोंडात पडला. एकच मुखवटा जळाला. म्हणजे पुढची रांग. आणि दारावरचा पडदा. आणि तिचा पलंग, पण एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूला होती. बाहेर का नाही आली? कडी होती ना दाराला, बाहेरून — मांजर तिच्या खोलीतून येतं आणि ओला कागद ओरबाडतं. मेव्हणीनं काढली कडी. मी नव्हतो.

खोकते अजून. रात्री इथपर्यंत ऐकू येतं. मी ऐकत बसतो, दुसरं काय करणार. मला ती घरी हवीय, मिस्त्री. नवा ड्रायर आणलाय तिच्यासाठी, लाल रंगाचा, तिच्या उशीवर ठेवलाय. सकाळी चालतो का बघत होतो तर लाईट गेली, नाहीतर दाखवला असता तुम्हाला.

झालं? एवढ्यात? मग सांगा ना तिला, इथूनच, मोठ्यानं. हां — ऐकलं तिनं. बघा, उठली. पिशवी खांद्याला लावली. रस्ता बघून ये गं, सावकाश.

आली वाटतं लाईट. गल्ली ओरडतेय, म्हणजे आलीच.

आवाज? कसला आवाज? आतल्या खोलीतून?

थांबली ती. रस्त्याच्या मधोमध थांबली. एदुविहेस, अगं, काही नाही, ते आपलं —

बसली परत ओट्यावर. पिशवी मांडीवर घेतली.

तुम्ही निघा, मिस्त्री. तुमचं काम झालं. नाही, आत मी जातो.