कडेकडेनं या, दादा

—अहो नाही नाही, मधे नका जाऊ दादा, कडेकडेनं या, भिंतीला धरून. तसं काही नाही हो, उतार आहे ना जरा, पाय घसरायचा. काम फोनवर सांगितलं तेवढंच — तळघराची जमीन सपाट करायची. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हापासून हा कोबा असाच, मधे झोळ पडलेला. सासूबाई म्हणतात, आमचा जन्म गेला त्यावर, तुलाच बरा खुपतो! मला कशानं खुपतो? तर ह्या कपडे धुण्याच्या मशीननं. पिळायला लागलं की थरथरत चालायला लागायचं, आणि जायचं कुठं — दर वेळी त्या खळग्याकडेच. माझी मुलगी म्हणायची, आई, मशीन फिरायला निघालं गं. हसायचो आम्ही. तेव्हा हसायचो.

मग मीच घेतलं मनावर — दुसरं कोण घेणार, आमचे हे बोटीवर, वर्षातून एकदा घरी. तो तयार माल मिळतो ना, पाण्यात कालवून ओतला की आपोआप सपाट होतो म्हणे, तो आणला. ओतला. काय सुरेख पसरला! दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर — नाही. कुठं गेला म्हणजे? गेला! खळगा होता तसा, कडेला नुसता डाग, आणि मधे ही भेग. म्हटलं, कमी पडला असेल. पुन्हा ओतला, दुप्पट. तोही गिळला. मग बादलीभर पाणी ओतलं आणि कान देऊन बसले. काही नाही... काही नाही... आणि मग खालून, पार खालून, पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज. दादा, आमच्या घरात विहीर नाही हो.

घाबरले? छे, मी कशाला घाबरतेय. म्हणजे — मुलीला बहिणीकडे धाडलं, पण ते तिला सुट्टी आहे म्हणून. आणि मी व्हरांड्यात झोपते, खुर्चीत, ते आत उकडतं म्हणून. सासूबाई? त्या आत. त्यांच्या खोलीत. कुठली म्हणजे... ही वरची. हो, बरोब्बर ह्याच्या वरची. असं बघू नका ना माझ्याकडे! त्यांचे गुडघे गेलेत, आणि स्वभाव तर — एकदा नुसतं म्हटलं, आई, चार दिवस लेकीकडे जाऊन येता का, तर म्हणाल्या, माझं ओझं झालं वाटतं. दोन दिवस जेवल्या नाहीत. पुढं माझी जीभच उचलली नाही. दार घासायला लागलंय त्यांचं, जोर लावून उघडावं लागतं. रोज सकाळी आधी बाहेरूनच हाक मारते — आई, जाग आली का? त्यांची 'ओ' आली की मगच... मगच चहा घेऊन आत जाते. कप ठेवतेसुद्धा हलक्या हातानं.

ते जाऊ दे. तुम्ही दगड टाका, जाळी टाका, काय हवं ते टाका, पण भरून द्या, वरून गुळगुळीत करून द्या. ठोकून बघा ना पहारीनं. हां, इथं भक्कम आहे. इथंही. आता जरा मधे — हा का असा वाजला? मडक्यासारखा? पुन्हा नका, अहो, पुन्हा नका ठो—

पहार कुठं गेली? तुमच्या हातात होती ना? आत्ता होती!

नाही, मलाही नाही आला आवाज. पडल्याचा आवाजच नाही आला.

चला, चला वर. हत्यारं राहू द्या, माणूस आधी. तुम्हीही या बरोबर, एकटीला मला त्या व्हरांड्याच्या पायऱ्या उतरवता यायच्या नाहीत. दार ढकला जरा — खांद्यानं ढकला — हं. आई! आई, उठा. चष्मा राहू द्या. कोण हे म्हणजे? गवंडी आहेत. कारण नंतर सांगते. माझ्या गळ्यात हात टाका. टाका म्हणते ना! हो, काढतेय तुम्हाला घराबाहेर. शिव्या बाहेर गेल्यावर द्या.