हिश्श्याचा नारळ

(निवृत्त नर्स प्रेमलता नुकतीच उन्हातून घरी आली आहे. मुलगा स्वानंद दारातच वाट पाहत उभा.)

स्वानंद : नारळ? आई, तू त्या बिल्डिंगमध्ये नारळ घेऊन गेलती?

प्रेमलता : मंग! जागा घेतली का उंबरठ्यावर नारळ फोडा लागते. कळमेश्वरच्या खोल्या घेतल्या तवा तुह्या बाबानं नव्हता फोडला?

स्वानंद : अवं, ते रामदासपेठेतलं ऑफिस आहे! दीडशे जणांनी मिळून घेतलं. कंपनी सांभाळते, आपण नुसते हिस्सेदार.

प्रेमलता : तेच म्हटलं मी गार्डले. 'बाबू, माहा हिस्सा आहे इथं.' तो म्हणे, 'किससे मिलना है?' आता सोताच्याच जागेत मी कोणाले भेटू गा? म्हटलं, पाणी तरी दे. तं त्यानं रस्त्यापलीकडची टपरी दाखवली! चौतीस वर्षं वॉर्डात लोकायचे बेडपॅन उचलले, तो पैसा आहे तो!

स्वानंद : कंपनीतून मले फोन आला. 'तुमच्या मदरनं गेटवर तमाशा केला.' लाज वाटली मले.

प्रेमलता : उन्हात उभी मी राहिली, आन् लाज तुले वाटली! वरून कळमेश्वरच्या भाड्याच्या खोल्याही इकून पैसा तिथंच टाक म्हणून राहिला!

स्वानंद : हो, म्हणून राहिलो! खोल्या तुह्या, पण रविवार माहे जाते ना! मोटर जळली, स्वानंद. नाली तुंबली, स्वानंद. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी संडासाच्या टाकीत उतरलो होतो, आई. रात्री पूजेले बसलो तं हाताचा वास जाऊन नाही राहिला. रामदासपेठेतून कोणाचा फोन येते? भाडं आपोआप जमा होते.

प्रेमलता : हे तू मले सांगितलं नाही.

स्वानंद : सांगून काय? 'तुहे बाबा कधी कुरकुरले नाही,' असंच म्हटलं असतं तू.

प्रेमलता : म्हटलं असतं. खरं आहे.

स्वानंद : मंग?

प्रेमलता : मंग काय! गेटवरून तशीच बस धरून कळमेश्वरले गेली. भाडेकरीण आपली, मेघा, तिनं खुर्ची देली, चहा देला. आन् लगेच म्हणे, 'मावशी, नळ टपकून राहिला, कधी दुरुस्त करता?' तिचा राग ऐकून जीव थंडा झाला माहा. मालकिणीवरच तं रागावते कोणी!

स्वानंद : म्हणजे पुढच्या रविवारी मी नळ...

प्रेमलता : तू नाही. तिथल्या प्लंबरचा नंबर आणला मी. आता रविवारी मी जाईन. खोल्या इकायच्या नाही म्हणजे नाही!

स्वानंद : गुडघे पाह्य आधी आपले.

प्रेमलता : मले का टाकीत उतरायचं आहे? खुर्चीवर बसून प्लंबरवर नजर ठेवीन.

स्वानंद : आन् रामदासपेठ? पाच वर्षं पैसा काढता येत नाही तिथून.

प्रेमलता : राहू दे. येते भाडं तं येऊ दे. पण माह्या तोंडून 'माही जागा' निघणार नाही आता.

स्वानंद : नारळ कुठं आहे?

प्रेमलता : पिशवीत. फोडून दे, चटणी करते. थांब... आधी हात दाखव तुहे.