खारवाडीच्या उतारावरची होडी, तंबू आणि दोन गोणी वाळू याबाबत

दि. २४ जानेवारी २०२६, शनिवार, सायंकाळी ७ वाजून २० मिनिटे.

मी, अश्वजित सखाराम तांबे, वय ६४ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त भूकरमापक, राहणार मु. नाते, ता. महाड, जि. रायगड, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारले ते आणि न विचारलेलेही सांगतो, ते असे.

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. एकतीस वर्षे मी लोकांच्या जमिनी मोजल्या. माझ्या मोजणीवर दोन अपिले झाली, दोन्ही फेटाळली गेली. हे आत्मस्तुती म्हणून सांगत नसून पुढे टेप आणि बांबूचा उल्लेख येणार आहे म्हणून सांगतो. माझा धाकटा भाऊ धम्मपाल, वय ५८, मुंबईत विक्रोळीला राहतो. तो एका कारखान्यात फिटर होता. त्याला बोलण्याची सवय आहे. जेवताना बोलतो, चालताना बोलतो, झोपेतही बोलतो. शाळेत असताना मास्तर त्याला बाहेर उभा करत, तर तो बाहेरच्या शिपायाशी बोलत असे.

गेल्या डिसेंबरात धम्मपालच्या घशाची तपासणी झाली. त्याचे ऑपरेशन बुधवार, दि. २८ रोजी मुंबईत ठरले असून मंगळवारी सकाळी दाखल व्हायचे आहे. ऑपरेशननंतर त्याला बोलता येणार नाही. कमी नव्हे, अजिबात नाही. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. तो कागद माझ्याकडे आहे, परंतु या प्रकरणात हजर करत नाही.

तो गावी, नात्याला आल्यावर म्हणाला, "दादा, एक रात्र पाण्याच्या काठाला तंबू टाकून राहू. सकाळी होडी काढू, गळ टाकू. मामाकडं दासगावला करायचो तसं. मी बोलत बसेन, तू नुसतं हं हं कर." मी होकार दिला. जागा मी शोधीन आणि ती सुरक्षित असेल, अशी अट घातली. तो म्हणाला, "घाल अट. अटीशिवाय तुझ्या पोटात अन्न जात नाय."

जागा अशी हवी होती की तंबूपुरती सपाट जमीन भरतीच्या पाण्यावर राहील, होडी उतरवायला धड उतार असेल, गळाला मासा लागेल, आणि रात्री त्याला श्वासाचा त्रास झाला तर गाडी अर्ध्या तासात महाडच्या दवाखान्यात पोचेल. या चार गोष्टी एका ठिकाणी मिळणे किती कठीण आहे, हे ज्याने शोधले नाही त्याला कळणार नाही.

प्रथम आम्ही समुद्राकडे गेलो. पहिल्या किनाऱ्यावर मावसभाऊ किशोर याचा टेम्पो वाळूत रुतला आणि तो काढण्यात दुपार गेली. दुसऱ्या किनाऱ्यावर लाट अशी होती की होडी उतरवली असती तर ती आमच्याआधी परत आली असती. शिवाय दवाखाना दोन तासांवर. म्हणून समुद्र सोडून सावित्रीच्या खाडीचे काठ बघायला घेतले. समुद्राचे पाणी खाडीतून दासगावपर्यंत चढते, मासेही चढतात, आणि लाट नसते.

एका जागी गुडघाभर चिखल लागला. धम्मपालची चप्पल तिथेच राहिली. एका जागी गुराख्याने सांगितले, "हितं नका झोपू, सुसर उन्हाला येते." मी विचारले, किती वाजता येते? तो म्हणाला, "तिला काय घड्याळ हाय?" ती जागा वगळली. एक जागा मात्र सर्व बाबतींत बसत होती. सपाट, पक्का रस्ता, पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार, वर पत्र्याची शेड. मी टेप काढला. धम्मपाल शेडकडे बघत म्हणाला, "दादा, इतकी घाई नको करू." तेव्हा माझ्या लक्षात आले की ती स्मशानभूमी आहे. तो हसत होता. मी हसलो नाही. मी टेप गुंडाळला आणि टेम्पोत जाऊन बसलो.

रविवार, दि. ११ रोजी मी एकटा खारवाडी येथे गेलो. दासगावच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी ही पंधरा-वीस घरांची वाडी आहे. तिथे जुना दगडी उतार आहे. मी त्याची लांबी मोजली, बांबू टाकून पाण्याची खोली घेतली आणि वहीत लिहिली. रविवार, दि. १८ रोजी पुन्हा गेलो, कारण ओहोटीची खोली राहिली होती. दोन्ही वेळा वाडीतील बनुबाई, वय अंदाजे ६५, या उताराच्या वर सुकट निवडत होत्या. त्यांनी विचारले, "काय मोजताय?" मी म्हणालो, "सरकारी काही नाही. खाजगी आहे." त्यानंतर मी त्यांना खालील प्रश्न विचारले, हे मी कबूल करतो: रात्री इथे कोणी येते का? राखण असते का? जड गाडी खालपर्यंत उतरते का? तळाला चिखल आहे की वाळू? त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. मला वाटले, त्यांना कमी ऐकू येते.

मला आज समजले ते असे. दोन वर्षांपूर्वी काही लोकांनी याच वाडीसमोरून चोरून वाळू उपसली. त्याआधी एक माणूस असाच वही घेऊन आला होता आणि हेच प्रश्न विचारून गेला होता. उपशानंतरच्या पावसात काठ खचला आणि बनुबाईंच्या शेताचा मोठा तुकडा खाडीत गेला. तेव्हापासून वाडीने ठरवले आहे की वहीवाला माणूस दिसला की विसरायचा नाही. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असतो तर वहीही काढून घेतली असती.

आज, दि. २४ रोजी दुपारी २ वाजता मी, धम्मपाल आणि किशोर असे टेम्पोने खारवाडीत पोचलो. आजचा दिवस मी मुद्दाम निवडला. आज षष्ठी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी काठावर चढते. षष्ठी-सप्तमीला भरती मवाळ असते, तंबू कोरडा राहतो. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरची भरतीची वेळ निघते, आणि खाडीत आतपर्यंत पाणी यायला आणखी दोन तास धरायचे, असा मामांचा हिशोब. त्याप्रमाणे उद्या सप्तमीला सकाळी सव्वासातला उताराला पाणी भरलेले असेल. होडी तेव्हाच सोपी उतरते. किशोरची फायबरची होडी टेम्पोत ताडपत्रीखाली झाकलेली होती. ताडपत्री उन्हासाठी होती, लपवण्यासाठी नव्हती.

तंबू उभा केल्यावर वारा सुटला. खुंट्या धरेनात. म्हणून मी फावडे घेऊन काठाची वाळू दोन रिकाम्या गोणींत भरली, तंबूच्या दोऱ्यांवर ठेवण्यासाठी. वाळू भरली हे खरे आहे. दोन्ही गोणी निम्म्याहून थोड्या जास्त भरल्या. त्याच वेळी मागून आवाज आला, "बघितलंस गो, भरतोय!" मी वळलो तेव्हा उतारावर बनुबाई आणि त्यांच्यामागे पंधरा-सोळा स्त्री-पुरुष उभे होते. कोणी हात उगारला नाही. एकाने टेम्पोची चावी काढून घेतली. चौघांनी होडी उचलून वर बनुबाईंच्या अंगणात नेऊन ठेवली. होडीला ओरखडाही आला नाही, हे नमूद करावे.

मी त्यांना शांतपणे सांगू लागलो की प्रस्तुत वाळू ही तंबूच्या स्थैर्याकरिता आहे. बनुबाई म्हणाल्या, "हा मानूस बोलतो तरी कसा? पुस्तक गिळलाय काय?" मग त्यांनी ११२ ला फोन लावला. गाडी प्रजासत्ताक दिनाच्या बंदोबस्तावर होती, ती संध्याकाळी ६ वाजता आली. तोपर्यंत आम्हाला उतारावर बसवून ठेवले. चहा दिला. चहा चांगला होता.

या साडेतीन तासांत काय घडले हे हवालदारसाहेबांनी थोडक्यात सांगा म्हटले. थोडक्यात सांगता येत नाही. धम्मपाल बोलत होता. त्याचा आवाज आता घोगरा झाला आहे आणि मधून मधून तुटतो, त्यामुळे लोक जवळ सरकून बसले. त्याने प्रथम माझी तक्रार केली. हा माणूस लग्नात पंगतीची लांबी मोजतो, असे सांगितले. ते खरे आहे, परंतु एकदाच. मग मामा, दासगाव, आम्ही पकडलेला जिताडा मासा, तो जिताडा दरवेळी सांगताना वाढतो तसा आजही वाढला. बनुबाईंनी विचारले, "इतका मोठा?" तो म्हणाला, "मावशे, दादाला विचार, त्यानं मोजला असंल." मी सांगितले, सव्वा हात. लोक हसले. धम्मपालने हात जोडले आणि म्हणाला, "बघा. असा भाऊ हाय माझा."

आजाराबद्दल कोणाला सांगू नकोस, असे मी त्याला घरून निघतानाच बजावले होते. त्याने सांगितले. त्याचे शब्द असे: "मावशे, बुधवारी माझा आवाज काढून घेनार हायत. बाजाच्या पेटीतनं सूर काढल्यासारखा. म्हणून आज जरा जास्त बोलतोय, राग नको मानू." बनुबाई म्हणाल्या, "मंग आदी सांगायचं नाय का रे, बाबा." आणि माझ्याकडे वळून, "तुमी तरी सांगायचं. मोजत काय बसलाव?"

त्या पुढे म्हणाल्या, "जाऊ द्या. त्या दोन गोनी हितंच वता आनि रव्हा." मी नकार दिला. फोन झाला होता, गाडी निघाली होती, अशा वेळी गोणी रिकाम्या करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. बनुबाई म्हणाल्या, "ह्यो म्हातारा येडा हाय काय?" धम्मपाल म्हणाला, "जल्मापासून." दोन्ही वाक्ये जशीच्या तशी घ्यावीत.

ठाण्यात आल्यावर कळले की होडी, टेम्पो, फावडे आणि दोन गोणी यांचा वाळूबाबत महसूल खात्याकडून पंचनामा होईल. उद्या रविवार, परवा सव्वीस जानेवारीची सुट्टी. म्हणजे होडी मंगळवारी मिळेल. मंगळवारी सकाळी धम्मपाल मुंबईत दाखल होणार. मी नियमाविरुद्ध काही मागत नाही. मी गोणी रिकाम्या केल्या असत्या तर आत्ता आम्ही तंबूत असतो. माझ्या काटेकोरपणामुळे माझ्या भावाची होडीतली सकाळ गेली. याची मला लाज वाटते. चाळीस वर्षे मी त्याला "जरा गप्प बस" म्हणत आलो, त्याचीही वाटते. हे या प्रकरणाशी संबंधित नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. तरी लिहावे, अशी मी विनंती केली आणि त्यांनी लिहिले.

बनुबाई रिक्षाने ठाण्यात आल्या आहेत. त्यांची आमच्याविरुद्ध तक्रार नाही, असा त्यांचा जबाब वेगळा घेतला आहे. तंबू त्यांनी अंगणातल्या आंब्याला बांधून ठेवला असल्याचे सांगतात. त्या म्हणाल्या, "होडी नसली तर नसली. उतारावर बसून गळ टाका. सकाळच्याला बोय लागते तिथं." मी विचारले, किती वाजता? मग विचारल्याबद्दल माफी मागितली. इथून सुटका झाल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर त्याच रिक्षाने खारवाडीस जाणार आहोत. उद्या दिवसभर आमचा पत्ता तोच राहील. चौकशीसाठी गरज लागल्यास तिथे यावे. बोलण्याचे काम धम्मपाल करेल.

वाळू भरली ती मी भरली. धम्मपाल आणि किशोर यांनी गोणीला हात लावलेला नाही. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

वरील जबाब लिहून झाल्यावर हवालदारसाहेब मला तो वाचून दाखवू लागले. मी त्यांना थांबवले आणि माझ्या भावाने वाचावा, अशी विनंती केली. धम्मपालने तो सुरुवातीपासून मोठ्याने वाचला. जिताड्याच्या ठिकाणी त्याने सव्वा हाताऐवजी दोन हात वाचले, ते मी दुरुस्त करायला सांगितले नाही. संपल्यावर मी म्हणालो, नीट ऐकू आले नाही, पुन्हा वाच. माझ्या कानाला काहीही झालेले नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचला, सर्वजण ऐकत होते. बरोबर आहे.

सही/- अश्वजित सखाराम तांबे