मनगटापुरता सिनेमा

कल्याणला इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या रांगेत उभा होतो. पुढे एक नवराबायको होते.

"अगं, वरातीतला तो फेटेवाला म्हातारा बघितलास? जुनं चावीचं घड्याळ, आणि डायल मनगटाच्या आतल्या बाजूला. सेम आपल्या बाबांसारखं!"

"आणि तोंड नाही बघितलंत?"

"तोंड कशाला बघू?"

"बाबाच होते ते."

"काहीतरीच काय!"

"गेल्या वर्षी टिटवाळ्याला गणपतीला म्हणून सारखे जायचे ना? शूटिंगला जायचे."

"बापरे! आईला कळलं तर जेवायला वाढायची नाही त्यांना."

"त्यांच्या बाजूलाच तर नाचत होत्या आई."

"आई? मग मला कशी नाही दिसली?"

"त्यांच्या हातात घड्याळ कुठे होतं?"